शेजारच्या घरी जाणारे ताट : नाताळच्या पंगतीतील तोंडीलावण्यांचा इतिहास

१/२६
चोवीस डिसेंबरच्या दुपारी गोव्यातील एखाद्या ख्रिस्ती घराच्या स्वयंपाकघरात डोकावले, तर परातीत करंज्या मांडलेल्या दिसतात. वसईत किंवा वांद्र्याच्या जुन्या गावठाणात त्याच वेळी कढईत वाटोळे फुगे तरंगत असतात. भाजलेली टर्की आणि पुडिंग ही नाताळच्या जेवणाची इंग्रजी प्रतिमा. तिच्याशी या ताटाचा संबंध अगदी अल्प आहे. हा धागा त्या ताटाच्या कडेला वाढल्या जाणाऱ्या पदार्थांचा आहे.

२/२६
इतिहासाची पुस्तके मुख्य पदार्थांची नोंद घेतात. मेजवानीत कोणते मांस शिजले, राजाच्या पानात काय होते, हे त्यांतून कळते. कुटुंबाचा इतिहास मात्र तोंडीलावण्यांत उरतो. प्रत्येक घराचे प्रमाण निराळे, प्रत्येक आजीचा हात निराळा, आणि त्याची लेखी नोंद बहुधा कुठेच नसते.

३/२६
प्रारंभ शब्दापासून करावा. ‘नाताळ’ हा पोर्तुगीज शब्द असून त्याचा अर्थ जन्माशी निगडित आहे. पाव, बटाटा, काजू, पेरू, अननस हे शब्दही पोर्तुगीजांच्याच वाटेने मराठीत आले. ज्या घरात नाताळ कधीच साजरा झाला नाही, त्या घरातही हे शब्द दररोज उच्चारले जातात. उपवासाच्या बटाट्यामागेही लिस्बनच्या जहाजाची सावली आहे.

४/२६
इ.स. १५१० मध्ये अफोन्सो द आल्बुकर्कने गोवा जिंकले. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहान्वये वसई आणि तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगीजांच्या हवाली केला. त्यात मुंबईची बेटेही होती. हुमायूनचे संकट दारात उभे असल्याने सुलतानाला मित्र हवा होता. तहाची तारीख नाताळच्या दोनच दिवस आधीची, हा निव्वळ योगायोग. पण उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजाच्या पंगतीचा इतिहास येथूनच मोजावा लागतो.

५/२६
पोर्तुगालमध्ये नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला ‘कोन्सोआदा’ म्हणतात. खारवलेला कॉड मासा, उकडलेले बटाटे आणि कोबीची पाने हे तेथील परंपरागत जेवण. मुळात हा शब्द उपवासाच्या दिवशी रात्री घ्यायच्या हलक्या, मांसविरहित आहारासाठी वापरला जाई. लॅटिनमधील ‘सांत्वन करणे’ या क्रियापदाशी त्याचे नाते जोडले जाते. हा अर्थ ध्यानात ठेवावा. धाग्याच्या अखेरीस त्याची गरज पडणार आहे.

६/२६
समुद्र ओलांडताना शब्दाचा अर्थ बदलला. गोव्यात ‘कोन्सुआद’ म्हणजे जेवण नव्हे. नाताळच्या गोड पदार्थांनी भरून शेजाऱ्यांच्या घरी पाठवायचे ताट. पोर्तुगालमध्ये जे कुटुंबाने दार लावून खायचे होते, ते कोकणात दाराबाहेर निघाले. वसाहतीच्या इतिहासात शब्दांनी केलेल्या प्रवासांपैकी हा एक अत्यंत सुंदर प्रवास मानावा लागेल.

७/२६
त्या ताटात काय असे? नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्या. सारण खोबऱ्याचे किंवा रव्याचे. कुलकुल, म्हणजे गोड पिठाच्या लहानशा गोळ्या काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून वळलेले शंखासारखे तुकडे. दोदोल, बेबिंका, पेराद, पिनाग. यांतील प्रत्येक नाव वेगळ्या बंदरातून आले आहे.

८/२६
दोदोल तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि काळा गूळ एकत्र आटवून होते. कढईतले मिश्रण तूप सुटेपर्यंत ढवळत राहावे लागते. एकट्या माणसाचे ते काम नव्हे. मलाया आणि जावा येथेही याच नावाची, याच घटकांची मिठाई आहे. पोर्तुगीजांनी १५११ मध्ये मलाक्का घेतले आणि १६४१ पर्यंत ते त्यांच्याकडे होते. गोवा आणि मलाक्का एकाच साम्राज्याची बंदरे होती, ही गोष्ट या कढईत अजून शिजते आहे.

९/२६
पेरादची कथा त्याहून मौजेची. पोर्तुगालमध्ये फळांचा गर साखरेत आटवून त्याच्या वड्या पाडण्याची जुनी रीत होती. कोकणात ती फळे नव्हती. पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणलेला पेरू होता. पोर्तुगीज भाषेत ‘पेरा’ म्हणजे नासपती. नव्या फळाला जुन्या फळाचे नाव मिळाले आणि मराठीला ‘पेरू’ हा शब्द लाभला. युरोपची रीत, अमेरिकेचे फळ, कोकणची चूल!

१०/२६
मार्झिपानचेही तसेच. युरोपात ते बदामाचे करतात. गोव्यात आणि मुंबईत बदामाची जागा काजूने घेतली. काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे, तेही पोर्तुगीजांनीच आणलेले. जे मिळाले नाही, त्याच्या जागी जे हाताशी होते ते घालायचे. स्थलांतरित पाककृतींचा सारा इतिहास या एका वाक्यात सामावतो.

११/२६
पिनाग हा या ताटातील सर्वांत साधा पदार्थ. उकडा तांदूळ भाजून त्याचे पीठ करायचे, त्यात गूळ आणि नारळ मिसळून मुटके वळायचे. त्यात अंडे नाही, मैदा नाही, तूपही नाही. बेबिंकाला अनेक अंड्यांचे बलक लागतात आणि निखाऱ्यांच्या आचेवर एकेक थर भाजण्यात अर्धा दिवस जातो. दोन्ही एकाच ताटात ठेवले जातात. सधन घराची ऐपत आणि कष्टकरी घराची चव तेथे शेजारी बसतात.

१२/२६
आता तिखटाकडे. गोव्याच्या नाताळच्या जेवणात डुकराच्या मांसाचे सोरपोटेल प्रमुख असते. ते व्हिनेगरमध्ये शिजते. सणाच्या दोन-तीन दिवस आधी करून ठेवायचे आणि रोज एकदा गरम करायचे. आंबटपणा मुरला की चव चढते. शीतकपाट नसलेल्या काळातील टिकवणुकीचे हे तंत्र होते. विंदालूचे नावही तसेच, मद्य आणि लसूण या पोर्तुगीज शब्दांवरून घडलेले. त्यात बटाट्याचा, अर्थात ‘आलू’चा, काहीही संबंध नाही.

१३/२६
पण सोरपोटेल एकटे खाल्ले जात नाही. गोव्यात त्याच्याबरोबर सान्नां लागतात. तांदूळ व नारळ वाटून, माडाच्या सुराने आंबवून, वाफेवर उकडलेले ते मऊ पांढरे वडे. इडलीचे हे सख्खे भावंड. पोर्तुगीजांना पावासाठी यीस्ट हवे होते. कोकणात माडावर चढणाऱ्या रेंदेराच्या मडक्यात ते आयते होते. भाकरीच्या मुलखात पाव फुगला तो या मडक्याच्या बळावर.

१४/२६
उत्तरेकडे, वसई ते मुंबई या पट्ट्यात, सान्नांची जागा फुगिया घेतात. मैदा, अंडी, नारळाचे दूध आणि आंबवण्यासाठी पूर्वी ताडी, आता बहुधा यीस्ट. सैलसर पीठ मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनी यांमधून दाबायचे आणि तो गोळा थेट तापल्या तेलात सोडायचा. तो चेंडूसारखा फुगतो. ‘फुगणे’ या मराठी क्रियापदाचा हा सर्वांत रुचकर वापर असावा.

१५/२६
हा समाज ‘ईस्ट इंडियन’ या नावाने ओळखला जातो, आणि हे नाव नव्या वाचकाला नेहमीच बुचकळ्यात टाकते. पश्चिम किनाऱ्यावरील मराठी बोलणारे लोक ‘पूर्वेचे’ कसे? उत्तर १८८७ मध्ये आहे. गोवा आणि मंगळूरहून आलेले ख्रिस्ती मुंबईत नोकऱ्यांसाठी येत होते. त्यांच्याहून आपली ओळख निराळी राहावी, म्हणून येथील मूळ ख्रिस्ती रहिवाशांनी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी संघटना स्थापन केली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या नावावरून हे नाव घेतले.

१६/२६
नाव इंग्रजी, धर्म पोर्तुगीज काळातला, बोली मराठी, आणि मसाला पूर्णपणे स्वतःचा. ‘बाटली मसाला’ हे या समाजाचे खरे कुलचिन्ह म्हणावे लागेल. मिरची, हळद, धणे, तीळ, खसखस, गहू, डाळ आणि गरम मसाल्याचे कितीतरी जिन्नस पावसाळ्यापूर्वीच्या उन्हात वाळवायचे, भाजायचे, कांडायचे आणि गडद रंगाच्या काचेच्या बाटल्यांत ठासून भरायचे. बाटल्या बहुधा बिअरच्या असत; गडद काचेमुळे मसाल्याचा रंग उडत नसे.

१७/२६
या मसाल्याचे एकच असे प्रमाण नाही. प्रत्येक घराचे आपले. सून सासरी आली की माहेरचे प्रमाण विसरायचे आणि सासरचे शिकायचे. कागदावर लिहिण्याची पद्धत नव्हती. मूठ, चिमूट आणि ओंजळ हीच मापे. म्हणून एक वृद्ध स्त्री गेली, की तिच्याबरोबर एका घराण्याचा मसालाही जातो. दप्तर जळाले की इतिहासकार हळहळतात. येथे दप्तर माणसाच्या हातातच असते.

१८/२६
१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता संपली. परिसरातील चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर गेल्या. भीमाशंकर आणि नाशिकचे नारोशंकर या मंदिरांत त्या आजही पाहता येतात. राज्यकर्ते निघून गेले, स्थानिक ख्रिस्ती मात्र गेले नाहीत. ते येथलेच शेतकरी, कोळी, बागायतदार होते. मराठ्यांच्या राज्यातही त्यांचा नाताळ होत राहिला.

१९/२६
हा मुद्दा महत्त्वाचा आहे. एखादा सण केवळ सत्तेच्या बळावर टिकला असता, तर सत्तेबरोबर तो गेला असता. तो टिकला, कारण तोपर्यंत तो घरचा झाला होता. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाने १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, तेव्हा ख्रिस्तजन्माची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात मराठीतून सांगितली. त्याने जे छंदात केले, तेच स्वयंपाकघरातील स्त्रियांनी करंजीत केले. कथा नवी होती, साचा घरचा.

२०/२६
सत्तेला मात्र असे मिसळणे रुचत नव्हते. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायालय स्थापन झाले आणि मधल्या काही वर्षांचा खंड वगळता ते १८१२ पर्यंत चालले. १७३६ च्या त्याच्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्यांना अनेक जुन्या चालीरीतींची बंदी केली. अंगणातील तुळस, धोतर आणि चोळी, लग्नातील पानफुले असे कितीतरी त्यात होते. अ. का. प्रियोळकर यांनी आपल्या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथात हा सारा तपशील मांडला आहे.

२१/२६
त्या यादीतील एक कलम वाचताना वाचक थबकतो. हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय भात शिजवू नये, अशी त्यात आज्ञा होती. भातात मीठ न घालता ते पानात वेगळे वाढण्याची रीत आजही मराठी घरांतून आहे. धर्मसत्तेची नजर थेट भाताच्या मडक्यापर्यंत पोहोचली होती. कोण आपला आणि कोण परका, हे चिमूटभर मिठावरून ठरवले जाणार होते. शिक्षेचे भय खरे होते आणि त्या भयात अनेक पिढ्या जगल्या.

२२/२६
आणि तरीही नाताळच्या ताटात नेवरी राहिली. गणेशचतुर्थीला हिंदूंच्या घरी तीच अर्धचंद्राकृती नेवरी तळली जाते. ख्रिस्ती घरातून नाताळला ताट शेजारी जाई. त्यात मांस नसे, गोडच असे. हिंदूंच्या घरातून चवथीला नेवऱ्या आणि दिवाळीला पोह्यांचे प्रकार येत. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, हा संकेत दोन्हीकडे सारखाच. न्यायालय बंद झाले. भांड्यांची देवाणघेवाण चालू राहिली.

२३/२६
घाटावरचे चित्र निराळे, पण त्याचा रोख तोच. अहमदनगर परिसरातील मराठी प्रॉटेस्टंट समाज एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशनच्या कार्यातून उभा राहिला. त्यांच्या नाताळात सोरपोटेल नाही. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, लाडू असा फराळ असतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त धर्मांतराच्या काळातील सोवळ्याचा आणि परक्या हातच्या पाण्याचा संघर्ष आहे. माणसाची श्रद्धा बदलू शकते; जिभेला आणि हाताला फार वेळ लागतो, हे त्यातून उमगते.

२४/२६
आता त्या सांत्वनाच्या अर्थाकडे. ज्या ख्रिस्ती घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल, तेथे नाताळचे गोडधोड करत नाहीत. कढई चढत नाही. गोव्यात अशा घरी कोन्सुआदचे ताट आवर्जून जाते. आपल्याकडेही दुःख असलेल्या घरात दिवाळीचा फराळ करत नाहीत. तो शेजारचे, नात्यातले आणून देतात. दोन धर्म आणि दोन सण, तरी नियम अक्षरशः एकच. कोणी कोणाकडून घेतला, हे ठरवण्याची गरजही भासू नये.

२५/२६
असे ताट आणणारा माणूस फार बोलत नाही. ओट्यावर ताट ठेवतो, वरचा रुमाल सारखा करतो आणि “मुलांसाठी आहे” एवढेच म्हणतो. मुलांसाठी म्हटले की घरच्यांना ते नाकारता येत नाही. ज्या घरातून यंदा एक जण कमी झाला आहे, तेथे शेजारच्या करंजीने सण पोहोचतो. शब्दाच्या मुळातला अर्थ पोर्तुगालमधील पंगतीतून विरळ होत गेला असेल, कोकणातील या ताटात मात्र तो सापडतो.

२६/२६
आज बेबिंका खोक्यात मिळते, सान्नां यीस्टवर फुगतात, रेंदेर कमी झाले आहेत आणि गावठाणांभोवती इमारती उभ्या राहिल्या आहेत. बाटली मसाला विकत मिळतो. घराण्याचा मसाला मिळत नाही. या धाग्याच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी एखादी आजी, मावशी किंवा शेजारीण असेल, त्यांनी येत्या सणापूर्वी तिच्याजवळ बसावे, तिची मूठ भरली की ती वजनकाट्यावर मोजून वहीत लिहावी, आणि त्या वर्षी कोणाच्या घरी ताट न्यायचे होते हेही विचारून ठेवावे. पुराभिलेखागारात ही दोन्ही माहिती कधीच जमा होणार नाही.